मागचं डावं चाक

आमच्या सासऱ्यांच्या गाडीला गाव 'मोटार' म्हणायचं आणि सासूबाई 'सवत' म्हणायच्या. सासरे लढाईच्या दिवसांत पलटणीत ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर बाकीच्यांनी बैलजोडी घेतली, विहीर बांधली. ह्यांनी कोल्हापूरकडून एक म्हातारी गाडी विकत आणली आणि गुरांच्या मांगराच्या बाजूला माडाच्या झापांचा मांडव घालून तिला बांधली. बांधली म्हणजे अगदी गुराला बांधतात तशी, मागच्या बंपरला काथ्याची दोरी. का, म्हणून कोणी विचारलं तर म्हणत, "उतार आसा." त्या गाडीतून अडलेल्या बाळंतिणी कुडाळला जात, वऱ्हाडं जात, कोर्टाच्या तारखा असलेले भाऊबंद एकमेकांशी न बोलता शेजारी बसून जात. कुडाळ-मालवणच्या लाल मातीत ती आतून-बाहेरून इतकी रंगली होती, की मूळचा रंग कोणता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ही हकीकत साठ सालाच्या पुढची आहे. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती. आमचे हे मुंबईला गोदीत फिटर. गावातल्या बाप्यांच्या एका खोलीत पथारी टाकून राहायचे आणि वर्षातून एकदा मे महिन्यात यायचे. वर्षाला एक महिना, असा माझा संसार. उरलेले अकरा महिने सासूबाई आणि मी. दोन म्हशी, भाताची मळणी, काजूच्या बिया आणि एकमेकींचे टोमणे. त्या वर्षी मात्र ह्यांना चाळीत स्वतंत्र खोली मिळाली आणि ते मला न्यायला आले.

सासूबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पेरणी तोंडावर आली होती. शेवटी सासऱ्यांनी तोड काढली. पावसाआधीची शेवटची बोट मालवणला लागायची होती. त्या बोटीने सून गेली तर गेली. चुकली, तर मग ह्या वर्षी नाही. लावणी होऊ दे, गणपती होऊ देत, कापणी होऊ दे, मग बघू. आमच्याकडे 'मग बघू' म्हणजे काय, ते सांगायला नको. शेजारच्या घरातली एक जाऊबाई 'मग बघू'वर केस पिकेपर्यंत थांबली होती. म्हणून ती बोट म्हणजे मला नुसती बोट नव्हती. ती चुकली तर मी जन्मभर चुकणार, असं मनात घट्ट बसलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई देवळात जाऊन कौल लावून आल्या. आल्या त्या ओट्यावर बसून पायाची धूळ झटकत म्हणाल्या, "डावो कौल इलो. देवाच्या मनात नाय."

सासरे गाडीच्या तोंडात डोकं घालून काहीतरी करत होते. तिथूनच म्हणाले, "देव पावसाचो कौल देता, बोटीचो नाय."

मी चुलीपाशी हसले आणि लगेच भ्यायले. देवाला हसू नये.

सकाळी उन्हं वर यायच्या आत गाडी भरली. माझी पत्र्याची ट्रंक, ह्यांची वळकटी, उकड्या तांदळांचं पोतं, कोकमं, सांडगे, आणि सासूबाईंनी कोणालाही न विचारता पायांशी ठेवलेला एक कापा फणस. पुढे सासरे आणि हे. मागे सासूबाई आणि मी. पोचवायला मी येणारच, असं त्यांनी जाहीर केलं होतं. मला वाटलं, बोट चुकते की नाही ते डोळ्यांनी बघायला येतायत. त्या वयात माझ्या मनात असलंच यायचं, आणि त्यांनी मला तसं वाटायला पुष्कळ कारणंही दिली होती.

पहिला अर्धा रस्ता बरा गेला. मी मनात बोटीची वेळ मोजत होते. बोट दुपारी वेंगुर्ल्याकडून येते, मालवणला बाहेर खोल पाण्यात उभी राहते, धक्क्यावरून पडावाच्या होड्या माणसं नेऊन सोडतात, आणि ती कोणासाठी थांबत नाही. हे मला ह्यांनीच दहा वेळा सांगितलं होतं, बहुतेक धीर द्यायला. त्याने धीर आला नाही.

मग गाडीत वास यायला लागला. खोबरेलाचा. गरम, करपट वास. सासूबाईंनी नाक उडवलं आणि माझ्या अंबाड्याकडे बघितलं.

"केसांक त्याल जरा कमी लाव गो. म्हंबईत इकत घेवचा लागतला."

मला इतका राग आला की खिडकीकडे तोंड केलं. तेल त्यांच्याही डोक्याला होतं, ह्यांच्याही होतं. सासऱ्यांना टक्कल, तरी त्यांनीही सवयीने थापलं होतं. मालवणकडच्या गाडीत चार माणसं बसली आणि खोबरेलाचा वास आला, तर त्यात नवल कसलं? कोणालाच नवल वाटलं नाही. तिथेच आमचं चुकलं. दुसऱ्या कुठल्या मुलखातली माणसं असती तर त्यांनी पहिल्याच मैलाला गाडी थांबवली असती.

थोड्या वेळाने गाडी जड झाली. आपण पुढे चालावं आणि मागून कोणीतरी पदर धरावा, तसं वाटायला लागलं. सासरे गिअर बदलत होते, कण्हत होते. चढावर इंजिनाचं पाणी उकळलं. माळावर, जिथे एक झाड नाही, सावली नाही, तिथे येऊन गाडी उभीच राहिली. सासरे उतरले, मागे गेले, मागच्या डाव्या चाकाच्या मधल्या बशीसारख्या झाकणाला बोट लावलं आणि चटकन तोंडात घातलं.

"डाव्या चाकान धरल्यान," ते म्हणाले.

ह्यांनी तांब्यातलं पाणी चाकावर शिंपडलं. तापल्या तव्यावर पडल्यासारखं ते चर्रकन उडालं. म्हणजे सगळा वेळ आम्ही ब्रेक दाबूनच चाललो होतो. पाय उचलला होता, पण चाकाने ब्रेक सोडलाच नव्हता.

"बाबानू, किती येळ लागतलो?" ह्यांनी विचारलं.

"माका काय म्हायत? मी काय जोशी?"

सासूबाई गाडीतच फणस मांडीशी धरून बसल्या होत्या. त्या हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी काल सांगलंय. डावो कौल, आणि डावाच चाक."

मी तोंड उघडलं असतं तर तिथेच रडले असते आणि मग ते रडणं बोटीपेक्षा मोठं झालं असतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पश्चिमेकडे बघत होते. माळाच्या पलीकडे समुद्राची एक निळी रेघ दिसत होती आणि तिच्यावर धूर आहे की ढग, ते कळत नव्हतं.

जॅक लावून चाक उचललं. फिरवायला गेले तर फिरेना. दोघांनी चाक काढलं, वरचं ब्रेकचं लोखंडी पातेलं ठोकठोक ठोकून पाहिलं. तेही निघेना, आतल्या पट्ट्यांनी त्याला घट्ट मिठी मारली होती. गोदीत आमचे हे बोटींची यंत्रं उघडायचे, गाडीची नव्हे, पण लोखंडाची माणसाला जी समज येते ती होती. ते गाडीखाली पाठीवर सरपटत गेले. चाकाच्या मागच्या बाजूला हवा काढायचा एक लहानसा स्क्रू असतो, तो सोडवून बघतो म्हणाले. मला म्हणाले, "खाली हात धर."

मी ओंजळ धरली. स्क्रू सैल झाला तशी एक चिळकांडी उडाली आणि गरम तेल माझ्या हातावर आलं. आत कुठेतरी खट्ट झालं. सासऱ्यांनी हाताने ढकललं, तर पातेलं गरकन फिरलं.

सगळे एकदम बोलायला लागले. मी मात्र हात नाकाशी नेला होता. ते खोबरं मी स्वतः अंगणात वाळवलं होतं. कावळे हाकलत दिवसचे दिवस बसले होते. घाण्यावरून डबा मीच डोक्यावरून आणला होता. तो वास मी झोपेतही ओळखला असता.

"बाबानू," मी म्हटलं, "ह्यो वास आपल्या त्यालाचो."

हे गाडीखालून बाहेर आले आणि वडिलांकडे बघत राहिले. सासऱ्यांनी टोपी काढली, परत घातली.

"कुडाळात ब्रेकाचा त्याल गावला नाय," ते म्हणाले. "कमी झालेला, म्हणान घरातला घातलंय. फडक्यान गाळून घातलंय. वस्त्रगाळ."

"पण खोबरेल?"

"लढायेत आमी एरंडेल घातलेला. बरा चललेला. त्याल ता त्याल."

"एरंडेल येगळा, बाबानू. खोबरेलान रबर फुगता!"

त्या चाकाच्या आत बोटाएवढी एक नळी असते, नळीत दट्ट्या आणि दट्ट्याला रबराची वाटी. ब्रेकचं तेल रबराला मानवतं. आमच्या खोबरेलाने ती वाटी फुगली होती, पाण्यात टाकलेल्या चवळीसारखी, आणि नळीत बूच बसलं होतं. हे सगळं ह्यांनी मला पुढे मुंबईत कागदावर काढून दाखवलं. तेव्हा एवढंच कळलं की आमच्याकडे कुरकुरणाऱ्या दाराला खोबरेल, शिवणयंत्राला खोबरेल, भाजल्यावर खोबरेल, पोराच्या टाळूला खोबरेल. तसंच सासऱ्यांनी सुनेला सुखरूप पोचवायचं म्हणून गाडीलाही खोबरेल घातलं होतं. घरातलं सगळ्यांत चांगलं. माणूस इतक्या प्रेमाने चुकतो तेव्हा त्याच्यावर रागावायचं कसं, हा मोठा प्रश्न आहे. मी रागावले होते, पण तो राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

चाक सुटलं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. पुन्हा ब्रेक दाबला की चाक पुन्हा धरणार. हे म्हणाले, आता मालवणपर्यंत ब्रेकला पाय लावायचा नाही. गिअरवर जायचं, आणि थांबायचं तर हँडब्रेक. हँडब्रेक नावालाच होता. म्हणून तर घरी दोरी.

"पाय आपसूक जाता रे," सासरे म्हणाले. इतक्या वर्षांची सवय.

मग ह्यांनी रस्त्याकडेला कोणीतरी टाकलेल्या नारळाच्या सोडणाचा एक तुकडा उचलून ब्रेकच्या पेडलखाली कोंबला. पाय गेला तरी पेडल खाली जाणार नाही. त्या गाडीत ब्रेकमध्ये खोबरेल आणि ब्रेकखाली सोडण, म्हणजे नारळाची एक करवंटीच तेवढी लावायची राहिली होती. एरवी मी पोट धरून हसले असते.

सपाटीवर आम्ही गाडीत बसत होतो. उतार आला की सासरे पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडत आणि आम्ही उतरून बाजूने चालत, हातात एक-एक दगड घेऊन. गाडी वेग घेतेय असं वाटलं की चाकाच्या पुढे दगड टाकायचा. डावीकडे हे, उजवीकडे मी. सासूबाई मागून फणस न सोडता चालत. गाडी माणसाच्या चालीने चालली होती आणि ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. प्रत्येक उताराला मला वाटे, आता सुटणार ही, आणि प्रत्येक सपाटीला वाटे, चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो. चालत जायचं तर तांदूळ, ट्रंक कोण नेणार? टाकून जाऊ या, असं मी एकदा म्हटलंसुद्धा. सासऱ्यांनी वळूनही पाहिलं नाही.

कुंभारमाठाच्या माथ्यावर आलो आणि समुद्र समोर उघडा झाला. बोट आली होती. उभी होती. धूर सरळ वर जात होता. मला ती इतकी लहान दिसली की हाताने उचलून पदरात घ्यावी. तेवढ्यात तिचा भोंगा वाजला. तो पहिला की शेवटचा, ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता मालवणात उतरणारा शेवटचा उतार. सासऱ्यांनी देवाचं नाव घेतलं आणि गाडी सोडली. अर्ध्यावर इंजिनाने आचका दिला आणि गिअर निसटला. ती किंचाळी मला अजून ऐकू येते, इंजिनाची होती की माझी, देव जाणे. गाडी सुटली. मी धावत पुढे झाले, चाकापुढे दगड टाकला. चाक त्याच्यावर चढलं आणि दगडाचा भुगा झाला. तो मऊ जांभ्या चिऱ्याचा तुकडा होता. ह्यांचाही तसाच गेला.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "चिरो फुटता! काळो धोंडो घेवा रे, काळो!"

सासऱ्यांनी सुकाणू फिरवून गाडी डाव्या अंगाच्या दरडीला घासली. पत्रा खरवडत गेला, माती आत उडाली, आणि गाडी दरडीला खांदा लावून थांबली. सासरे दोन्ही हातांनी सुकाणू धरून समोर बघत होते. त्यांच्या मनगटाची शीर उडत होती. सासूबाईंनी फणस खाली ठेवला, कुठल्या तरी कुंपणाच्या गडग्यातून एक काळा दगड उपटून आणला आणि चाकाला लावला. चाक हललं नाही.

तिथून उतार संपेपर्यंत तोच दगड चालला. पाच-सहा हातांवर त्या पुढे जात, दगड ठेवत, गाडी त्याला टेकली की उचलून पुन्हा पुढे. साठीची बाई, कासोटा घातलेली, घामाने निथळत. मी घ्यायला गेले तर म्हणाल्या, "तू तुझी ट्रंक सांभाळ."

धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटचा पडाव माणसांनी भरला होता आणि होडीचा तांडेल ओरडत होता. हे धावले, त्याच्याशी काहीतरी बोलले, तो थांबला. ट्रंक गेली, पोतं गेलं, फणस गेला. मी पोचले होते. बोट तिथे होती, पडाव तिथे होता, आणि माझा पाय धक्क्यावरून उचलेना.

कारण आता मला जे दिसलं, ते आम्हा सगळ्यांना माळावरच दिसायला हवं होतं. ही गाडी परत जायची होती. हाच उतार आता चढ होणार होता, आणि पुढचे चढ उतार होणार होते. सासऱ्यांना मी म्हटलं, गाडी इथेच ठेवा, रबर कोल्हापूरहून येईपर्यंत. ते म्हणाले, "गाडी परक्याच्या दारात ठेवूची नाय. हळूहळू जातलंव." त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. हे रजा संपलेले. त्यांना जाणं भाग होतं. मग चाकाला दगड लावायला कोण? सासूबाई तर दमून गाडीमागे टेकल्या होत्या. हे समुद्राकडे बघत होते. सासरे चाकाकडे. मला कोणी काही म्हणत नव्हतं, पण असल्या वेळी सगळे न बोलता कोणाकडे बघायचं टाळतात, आणि ते का, हे मला तीन वर्षांत कळलं होतं. मला सगळ्यांचा राग आला, ह्यांचा सगळ्यांत जास्त. आणि त्या म्हाताऱ्याची शीर उडणारी मनगटं आठवली.

"मी रवतंय," मी म्हटलं. "तुमी जावा. माझी ट्रंक काढा."

हे पडावात वाकले. खरंच ट्रंक काढायला वाकले.

"हात लावू नको ट्रंकेक!" सासूबाई म्हणाल्या. त्या गाडीमागून आल्या. काळा दगड कडेवर होता, पोर घ्यावं तसा. मला त्यांनी दंडाला धरलं, जोरात, पुढे दोन दिवस तिथे वळ होता, आणि पडावाच्या फळीपर्यंत नेलं.

"धोंडो मी लावतंय. तू जा."

"आये, पण शेत, पेरणी..."

"घोवाक पोचवूक ह्या धक्क्यार मी किती येळा इलंय, म्हायत आसा? पलटणीत गेलो तेव्वा, रजा संपली तेव्वा, परत, परत. दर येळा मीच मागे फिरलंय." त्यांचा श्वास लागला होता. "एकदा तरी घरातली बायल पुढे जाऊ दे. चढ."

मी चढले. पाया पडायचं राहिलं. तांडेलाने बांबू रोवला आणि पडाव सुटला. आजूबाजूच्या बायका रडत होत्या, धक्क्यावरची माणसं हात हलवत होती, कोणी नावाने हाका मारत होतं. तीन वर्षं मी ह्या घटकेची वाट पाहिली होती, आणि आता मला पडावातून उडी टाकावीशी वाटत होती. हे म्हणाले, "आये आसा, काय भिवचा नाय." मी त्यांच्याशी मुंबई येईपर्यंत बोलले नाही.

मी आयेकडे बघत होते. एकदा तरी तिने मान वर करावी असं मला फार वाटत होतं. पण बाबांनी गाडी सुरू केली होती, आणि ती वाकून मागचं चाक बघत होती.